हिरडीखाली उरलेला दात

रूट कॅनल झालं, ठणका थांबला, आणि कॅप बसवायची राहून गेली. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हे घडलेलं आहे. दिवाळी झाली की बसवू, मुलांच्या फिया भरून झाल्या की बसवू, असं म्हणता म्हणता वर्ष उलटतं. रूट कॅनल केलेल्या दाढेचा आतला बराचसा भाग आधी किडीने आणि मग उपचारासाठी कोरल्यामुळे गेलेला असतो. उरलेल्या भिंती पातळ असतात, आणि चावताना पडणारा जोर काही कमी होत नाही. मग एके दिवशी भाजलेला हरभरा दाताखाली येतो आणि दाढेची एक भिंत हिरडीच्या रेषेवर, कधी तिच्याही खाली, तुटून हातात येते. दुखत नाही, कारण नस आधीच काढलेली आहे. माणूस आरशात बघतो, जिभेने चाचपतो, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "आता काय राहिलंय त्यात? काढूनच टाक."

या सल्ल्यामागे वाईट हेतू नसतो. पैसे वाचावेत, हेलपाटे वाचावेत, म्हणूनच तो दिला जातो. तरीही तो चुकीचा आहे, कारण तो न तपासता दिलेला असतो. तोंडात दिसतो तो दाताचा फक्त वरचा भाग. त्याहून लांब मूळ हाडात रुतलेलं असतं, आणि वरचा भाग तुटला तरी ते मूळ पुष्कळदा ठणठणीत असतं. त्याभोवतीची हिरडी आणि थोडं हाड खाली घेऊन मुळाचा निरोगी भाग बाहेर आणता येतो आणि त्यावर नीट कॅप बसवता येते. या छोट्या शस्त्रक्रियेला दातांचे डॉक्टर क्राउन लेंग्थनिंग म्हणतात. दंतवैद्यकात ती गेली कित्येक दशकं रूढ आहे. आपल्याकडे मात्र रूट कॅनल, कॅप, ब्रिज, इम्प्लांट हे सगळं घरोघरी माहीत झालं आणि हा उपचार दवाखान्याच्या आतच राहिला. जे आहे हेच ठाऊक नाही, ते माणूस मागणार कसं? दात ठेवायचा की काढायचा हे तपासून, समजावून आणि ज्याच्या तोंडात तो आहे त्याला विचारून ठरावं, एवढंच माझं मागणं आहे. पण ते मागायचं तर आधी तोंडात काय चाललेलं असतं हे समजून घ्यायला हवं.

हाडाच्या काठावर, दाताला चहूबाजूंनी चिकटलेला, मऊ पेशींचा एक अरुंद पट्टा असतो. तोंडात कोट्यवधी जंतू असतात. ते हाडापर्यंत पोचू नयेत याची राखण हा पट्टा करतो. १९६१ साली गार्गियुलो, वेंट्झ आणि ऑर्बन या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या जबड्यांवर त्याची मोजमापं घेतली. हाडालगतचा तंतुमय भाग सरासरी १.०७ मिलिमीटर आणि त्यावरचा पेशींचा थर ०.९७ मिलिमीटर, म्हणजे एकूण जेमतेम दोन मिलिमीटर. माणसागणिक, दातागणिक हे माप कमीजास्त होतं, पण तो पट्टा नाही असा निरोगी दात नाही. कॅपची कड या पट्ट्यात घुसवली तर शरीर ते खपवून घेत नाही. म्हणून हाडाच्या काठापासून कॅपच्या कडेपर्यंत साधारण तीन मिलिमीटर अंतर मोकळं राहावं, असा दंडक डॉक्टर मंडळी पाळतात.

दुसरी गरज कॅपच्या पकडीची. कॅप नुसती सिमेंटवर टिकत नाही. तिच्या कडेने आत दीड ते दोन मिलिमीटर तरी खऱ्या, निरोगी दाताला सगळीकडून वेढा घालावा लागतो. सुताराच्या पटाशीच्या लाकडी मुठीला लोखंडी कडी बसवलेली असते. ती नसेल तर हातोडीच्या घावाने मूठ उभी चिरते. कॅपचं काम तेच आहे, आणि कडी आवळायला आत लाकूड असावं लागतं तसा कॅपला आत दात असावा लागतो. दोन्ही मापं एकत्र धरली तर हाडाच्या वर साडेचार-पाच मिलिमीटर धड दात हवा. दात हिरडीच्या रेषेवर तुटलेला असेल तर एवढा तो नसतोच. मग जागा एक तर करून घ्यावी लागते, नाही तर ती आहे असं समजून कॅप दामटावी लागते. आपल्याकडची बरीच दुखणी या दुसऱ्या वाटेने येतात. त्याकडे मी पुढे येते.

शस्त्रक्रिया ऐकायला वाटते तेवढी भीतीदायक नाही. भूल फक्त त्या जागेपुरती देतात, माणूस जागा असतो. आधी एक्सरे काढलेला असतोच. भूल चढल्यावर डॉक्टर मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडीतून थेट हाडाला टेकवून अंतर मोजतात, कारण एक्सरेत पुढची-मागची बाजू एकमेकींवर पडून फसवू शकते. हाड पुरेसं खाली असेल आणि फक्त हिरडीच जास्त वाढलेली असेल, तर तेवढी हिरडी छाटून भागतं. ते काम लेसरनेही होतं. पण तुटलेल्या दाढांच्या बाबतीत बहुतेक वेळा हाडालाही हात लावावा लागतो. हिरडी हलकेच सोडवून बाजूला घेतात, सलाईनचं पाणी सतत सोडत बारीक यंत्राने आणि हत्याराने दाताभोवतीचं हाड मोजून कमी करतात. पाणी सोडायचं कारण, हाड तापलं तर मरतं. मग हिरडी नव्या, खालच्या रेषेवर टाके घालून बसवतात. आठ-दहा दिवसांनी टाके निघतात. मागच्या दातांना पक्की कॅप साधारण दीड-दोन महिन्यांनी बसते. समोरच्या दातांच्या बाबतीत तीन ते सहा महिने थांबणं शहाणपणाचं, कारण हिरडीची रेषा तोवर थोडी थोडी सरकत असते आणि हसताना ती दिसते. मधल्या काळात तात्पुरती कॅप असते.

कराडकडची माझी मामी एकदा तोंड धरून पुण्याला आली. खालची डावी दाढ. रूट कॅनल केलेली, कॅप न बसवलेली, आतल्या बाजूने हिरडीलगत तुटलेली. मामेभाऊ बरोबर होता. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर एक्सरे लावायच्या आतच तो म्हणाला, "मॅडम, काढूनच टाका. आईला या वयात कशाला त्रास?" मामी काही बोलली नाही. गेल्या काही वर्षांत तिच्या दोन दाढा अशाच गेल्या होत्या, आणि त्या दोन्ही वेळी ती अशीच गप्प बसली होती, हे मला माहीत होतं. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मामीकडे वळवली. एक्सरेवर पेन्सिल टेकवून म्हणाल्या, "मावशी, हे बघा, हे तुमचं मूळ. दोन्ही मुळं चांगली आहेत, खाली गाठबीठ काही नाही. इथून इथपर्यंत तुटलंय. थोडं हाड खाली घेतलं तर कॅप बसेल. काढायची म्हटली तर आज काढून देते, दहा मिनिटांचं काम. तुमचं काय म्हणणं?" मामीने बराच वेळ त्या काळ्यापांढऱ्या चित्राकडे पाहिलं. मग विचारलं, "त्या बाजूने भाकरी चावता येईल का?" "येईल. पण मिश्री सोडावी लागेल, निदान जखम भरेपर्यंत तरी." मामी म्हणाली, "मग काढू नका."

मामेभाऊ वाईट मुलगा नाही. आईला पुण्याला घेऊन येणारा, रिक्षातून हात धरून उतरवणारा मुलगा आहे. पण आईच्या तोंडातल्या दाताचा निकाल आपण द्यायचा नसतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. आपल्या घरांत कर्त्या पुरुषाची दाढ वाचवण्यासाठी रजा टाकली जाते, कर्ज काढलं जातं; बाईची आणि म्हाताऱ्या माणसाची दाढ मात्र "आता कशाला" या दोन शब्दांत जाते. आणि नेमक्या त्यांनाच ती जास्त हवी असते. मागची दाढ काढून जागा रिकामी ठेवली की वरची दाढ हळूहळू खाली उतरते, शेजारचे दात त्या पोकळीत कलतात, फटीत अन्न अडकतं, तिथे नवी कीड लागते. त्या जागेचं हाडही झिजत जातं. मग भाकरी आमटीत कुस्करावी लागते, शेंगदाण्यांचं कूट करून खावं लागतं, पेरू सुटतो, काकडी सुटते. वयात आलेल्या मुलाला हे दिसत नाही, कारण आई जेवायला सगळ्यांच्या नंतर बसते.

आता त्या दुसऱ्या वाटेबद्दल. जागा नसताना कॅप बसवणारे दवाखाने आहेत, आणि त्यांना तसं करायला लावणारे पेशंटही आहेत. कॅपची कड खोल हिरडीखाली, हाडाच्या अगदी जवळ नेऊन ठेवली की त्या दिवशी काम सुबक दिसतं. महिन्या-दोन महिन्यांत तिथली हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागला की रक्त येतं, तोंडाला वास येतो. पेशंट म्हणतो, मला कॅप मानवली नाही. दोष कॅपच्या धातूचा नसतो, पेशंटच्या प्रकृतीचा नसतो. राखण करणाऱ्या त्या दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात कॅप शिरलेली असते. शरीर मग स्वतःच जागा करू लागतं. हाड विरघळतं, हिरडी मागे हटते, आणि हे कुठे थांबेल ते कुणाच्या हातात नसतं. डॉक्टरने मोजून, एका ठिकाणी, एकदाच जे हाड काढायचं, ते आजाराने वाटेल तसं खाल्लं जातं.

या गोष्टीत मी डॉक्टरांना जास्त जबाबदार धरते, कारण मोजायची सळई त्यांच्या हातात आहे. अंतर कमी पडतंय हे दिसत असताना पेशंटला ते न सांगणं हा अपराध आहे. भिडेने केला तरी अपराधच. पण आपलीही बाजू स्वच्छ नाही. "मॅडम, दोन सिटिंगमध्ये उरका", "अमक्या ठिकाणी तर लगेच बसवून देतात" असं म्हणून आपण सचोटीने काम करणाऱ्याला गिऱ्हाईक गमवायची भीती घालतो. हिरडीच्या तज्ज्ञाकडे पाठवलं तर हे एकमेकांना कमिशन देतात असा संशय घेतो. कमिशन कुठे चालत नाही असं मी म्हणणार नाही. पण संशय फेडायचा उपाय आहे: मापं विचारा. तुटलेली कड हाडापासून किती अंतरावर आहे, मूळ हाडात किती उरेल, शेजारच्या दातांचं काय होईल, हे प्रश्न कुठल्याही पेशंटला विचारता येतात, आणि ज्याला खरंच दात वाचवायचा आहे तो डॉक्टर त्यांची उत्तरं एक्सरेवर बोट ठेवून देतो.

कारण प्रत्येक तुटलेला दात वाचवावा असंही नाही. मूळ उभं चिरलेलं असेल तर त्यावर कितीही चांगली कॅप बसवली तरी ती फुकट. हाड कमी केल्यावर आत उरणारं मूळ बाहेर दिसणाऱ्या दाताहून आखूड होत असेल तर दात डुगडुगेल. दाढांच्या मुळांना फाटा असतो. हाड खाली घेताना तो फाटा उघडा पडला तर तिथे ब्रश पोचत नाही आणि काही वर्षांत तीच जागा कुजते. शेजारच्या निरोगी दाताचं हाडही थोडं काढावं लागतं, आणि एका मोडक्या दातापायी चांगल्या शेजाऱ्याचं फार नुकसान होत असेल तर तो सौदा वाईट. समोरच्या एकाच दाताची हिरडी खाली-वर झाली तर हसणं वेडंवाकडं दिसतं. अशा वेळी तार लावून मूळ हळूहळू बाहेर ओढण्याचा पर्याय असतो. मोडलेली कड फार खोल नसेल तर ती फिलिंगने वर उचलून घेऊन शस्त्रक्रियाच टाळता येते. मधुमेह ताब्यात नसेल तर आधी तो ताब्यात आणावा. रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणूनच्या गोळ्या चालू असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगावं, आणि गोळ्या मनाने बंद करू नयेत. आणि दात काढणंच योग्य ठरलं, तर तो काढावा. वरची दाढ काढली की डोळे जातात या समजुतीने सडलेली मुळं वर्षानुवर्षं तोंडात बाळगणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या समजुतीला काहीही आधार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या जानेवारीत एक निकाल दिला, तो प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत लावावा असा आहे. एक स्त्री तपासणीसाठी भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचे अवयव काढले होते. न्यायालयाने सांगितलं की जीव धोक्यात नसताना, जी प्रौढ व्यक्ती थोड्या वेळात शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकते तिच्या वतीने दुसऱ्या कुणी दिलेली संमती चालत नाही. आणि संमती खरी ठरायला उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न केल्यास काय होईल, हे आधी पुरेसं सांगावं लागतं. ते प्रकरण मोठ्या शस्त्रक्रियेचं होतं. पण दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेली बाई तर भुलेखालीही नसते. ती जागी असते, ऐकत असते, आणि तरी तिच्या डोक्यावरून मुलाशी किंवा नवऱ्याशी बोलणं चालतं. इंग्रजीत छापलेल्या कागदावर शेवटी तिची सही तेवढी घेतली जाते.

क्राउन लेंग्थनिंगची शस्त्रक्रिया आणखी एका कारणासाठी होते, आणि तिथे माझा सूर वेगळा आहे. हसताना हिरडी फार दिसते म्हणून लग्नाआधी मुलींच्या समोरच्या दातांवर ती केली जाते. काहींच्या बाबतीत हिरडी खरोखर दातावर जास्त चढून राहिलेली असते आणि ती थोडी काढली तर बरं दिसतं. त्या मुलीला ते स्वतःला हवं असेल तर त्यात गैर काही नाही. पण मुलगी बघून गेलेल्या घरातून "हसताना हिरड्या दिसतात" असा निरोप आला म्हणून तिला खुर्चीत बसवणं हे वेगळं आहे. एकदा काढलेलं हाड परत येत नाही. हिरडी जास्त दिसण्याचं कारण कधी वरचा ओठ, कधी जबड्याची ठेवण असतं, आणि तिथे हाड कोरून काही साधतही नाही. तिच्या तोंडात कीड नाही, दुखणं नाही. दुखणं बघणाऱ्याच्या नजरेत आहे, आणि डॉक्टरांनी अशा वेळी आईबापांना बाहेर बसवून त्या मुलीशी एकटीशी बोलावं, एवढं धैर्य दाखवायला हवं.

मिश्रीचं बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तव्यावर तंबाखू जाळून केलेली ती काळी पूड आपल्याकडच्या हजारो बायका दात घासायला म्हणून लावतात आणि तलफ म्हणून दिवसातून चार वेळा लावत राहतात. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. मिश्री मात्र चुलीवरच तयार होते, तिला कायदा कुठून पोचणार? तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला लागणारं रक्त तिथे कमी पोचतं. टाके घातलेल्या हिरडीवर मिश्री चोळली तर केलेलं काम वाया जातं. मामीला हे त्या दिवशी कुणीतरी पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. तिने मिश्री सोडली, मध्ये एकदा पुन्हा धरली, पुन्हा सोडली. दाढेवर गुलाबी लेप लावून ती आठवडाभर मऊ भात खात होती. कॅप बसली आणि ती गावी गेली.

पैशाचं काय, हा प्रश्न उरतो आणि तो खरा आहे. शस्त्रक्रिया, मग कॅप, हा खर्च दाढ काढण्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. नेहमीच्या आरोग्य विम्यात अपघात सोडला तर दातांचे उपचार सहसा बसत नाहीत. पण मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून उभं आहे, आणि तिथे हिरडीच्या आजारांचे स्वतंत्र विभाग आहेत. शिकणारे डॉक्टर अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली ही शस्त्रक्रिया करतात, खाजगी दवाखान्याच्या मानाने फार थोड्या पैशांत. वेळ जास्त लागतो, रांग असते. तरीही गावातल्या माणसाला हा रस्ता कुणीतरी दाखवायला हवा, आणि तो दाखवायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे गावात येणारं दंत शिबिर.

या शिबिरांचे फलक आणि बातम्या मी बघत आले आहे. इतक्या रुग्णांची तपासणी, इतके दात काढले, इतक्यांना टूथपेस्टचं वाटप. दिवसभरात शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची मांडून जे होऊ शकतं ते होतं, आणि ठणका लागलेल्या माणसाची दाढ काढून त्याला झोप मिळवून देणं हे पुण्याचंच काम आहे. पण दुखत नसलेला, नुसता वरून तुटलेला दात एक्सरे न काढता त्या व्हरांड्यात काढू नये, असा नियम शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी आणि संस्थांनी करावा. अशा माणसाच्या हातात चिठ्ठी द्यावी: कोणतं रुग्णालय, कोणता वार, कोणता विभाग, सोबत काय आणायचं, आधी कोणत्या गोळ्यांबद्दल सांगायचं. आणि शिबिराच्या अहवालात काढलेल्या दातांच्या आकड्याशेजारी पुढे पाठवलेल्या दातांचा एक रकाना असावा, महिन्या-दोन महिन्यांनी त्यातल्या किती जणांना कॅप बसली हे फोन करून विचारणारं कुणीतरी असावं.